यांचे वाढते उपास

"आतडं एका जागी इतकं अरुंद झालंय की अन्न पुढे सरकायला जागाच नाही," डॉक्टर म्हणाले. क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा येणारी सूज. आणि तिच्यामुळे झालेलं स्ट्रिक्चर, म्हणजे हा अरुंदपणा.

"जेवल्यावर दुखायचं का?" त्यांनी यांना विचारलं. माझे यजमान मान खाली घालून म्हणाले, "म्हणून तर उपास धरले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरसालीच्या आमच्या घरात या उपासांचं केवढं कौतुक! आधी संकष्टी, मग एकादशी, मग शनिवार, सोमवार. साबुदाण्याच्या खिचडीलाही हात नाही, नुसतं दूध. सासूबाई शेजारणींना अभिमानाने सांगायच्या. दुखणं सांगायची लाज, म्हणून या गृहस्थाने देवाला मधे घातलं होतं.

आता प्रश्न एकच होता. ही सूज की वण? सूज औषधाने उतरते. वण उतरत नाही, तो तुकडा कापावा लागतो.

एमआरआय झाला. रक्तातले ग्रोथ फॅक्टरही तपासायला पाठवले. जखम भरा, असा शरीर पेशींना जो निरोप धाडतं, तो म्हणजे ग्रोथ फॅक्टर. निरोप थांबलाच नाही तर भरलेली जागाही भरत राहते आणि वाट बुजते. "जुओ बेन, ही तपासणी अजून नवी आहे," आमच्या गुजराती डॉक्टरांनी बजावलं. "एकट्या तिच्यावर मी ऑपरेशन ठरवत नाही."

रिपोर्ट यायच्या आतच यांना उलट्या सुरू झाल्या, पोट टम्म फुगलं. दवाखान्याच्या बाकावर मला भीतीने घाम फुटला होता. तेवढ्यात सासूबाईंचा फोन, "त्याच्यासाठी गुरुवार धरू का गं?"

"आई, पुरे झाले उपास!" मी ओरडले आणि तिथेच रडले.

दोन्ही तपासण्यांनी वणाकडेच बोट दाखवलं. तुकडा काढला. थिएटरचं दार उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुम्हाला सांगते, घरात कुणाची भक्ती अचानक वाढली, तर आधी जेवल्यावर दुखतं का ते विचारा.

घरी आल्यावर सासूबाईंनी मऊ भात केला. नेमकी संकष्टी होती, आणि भर दुपार. हे घास हातात धरून बसले, गिळायला भीत होते. अखेर गिळला. आम्ही दोघी यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"नाही दुखत," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय न जेवलेल्या सासूबाईंनी शेजारी आपलंही ताट घेतलं. "वाढ गं मला पण," म्हणाल्या.