फुलवाती आणि पत्ते पिसणाऱ्या बाया

आमची वेबसाइट हॅक झाली, तेव्हा तिच्या सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी माझ्याकडे होती.

वेबसाइट फुलवातींची. बायकोची, म्हणजे कुंदाची. ती कापूसकोंडीची वर्षं होती. बोंडअळीतून वाचलेल्या कापसाला भाव नव्हता, आणि आमच्या लोहाऱ्यात कापसाचं नुसतं नाव काढलं तरी माणसं गप्प व्हायची. कुंदा म्हणाली, "कापूस विकून कोनाचं भलं नाही झालं, वाती विकून पाहू." तिनं सहा बाया गोळा केल्या, आमच्या पुढच्या खोलीत बैठक मांडली, आणि वर्षभरात फुलवाती नागपूर-अमरावतीपर्यंत जायला लागल्या. मग काँप्युटर क्लासवाल्या चौधरी मॅडमनी वेबसाइट करून दिली.

मॅडमनी जाताना बजावलं, "पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, आणि अनोळखी मेल उघडायचा नाही."

"मॅडम," मी म्हणालो, "तीस वर्षं कचेरीत गोपनीय फायली सांभाळल्या मी!" (फायली गोपनीय होत्या, कारण त्या कोणालाच सापडत नव्हत्या.)

कार्तिक महिना तोंडावर आला. वर्षातल्या निम्म्या वाती या एका महिन्यात जायच्या. अशात एका सकाळी बोरी अरबच्या कमलबाईंचा फोन आला. कमलबाई म्हणजे तिथल्या भजनी मंडळाच्या प्रमुख, आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक.

"भाऊ, वातीचा धंदा सोडला का तुमी?"

"नाही तं! काहून?"

"मोबाइलवर वाती पाहाले गेली, तं तेथी गोऱ्या बाया पत्ते पिसून राह्यल्या ना!"

मी वेबसाइट उघडली. फुलवातींच्या जागी लाल मखमली टेबल होतं आणि त्याभोवती अंगावर बेताचेच कपडे असलेल्या तीन बाया हसत होत्या. खाली कुठल्याशा परक्या भाषेत काहीतरी लुकलुकत होतं. फोन अजून चालूच होता.

"भाऊ," कमलबाई हळूच म्हणाल्या, "आमची शांताबाई तं दोन डाव जिंकली बी!"

मी धावत जाऊन काँप्युटरची वायर उपटली, त्यावर चादर टाकली आणि खोलीला बाहेरून कुलूप लावलं.

"अवो, हे काय करून राह्यले?" कुंदा पिठाच्या हातानं बाहेर आली.

"चोर आत आहे!"

"खोलीत?"

"वेबसाइटमधे!"

"मंग खोलीले कुलूप कायले?"

मी किल्ली खिशात टाकली. तिनं स्वतःच्या मोबाइलवर पाहिलं. गोऱ्या बाया जागच्या हलल्या नव्हत्या. तेवढ्यात कामाच्या बाया आल्या आणि सगळ्या त्या एका मोबाइलवर वाकल्या. तांड्यावरच्या सोनाबाई "याडी!" (आई गं!) म्हणून पदर तोंडाला लावून मागे सरकल्या, मग परत पुढे येऊन नीट पाहिलं. हसल्या सगळ्या. "ताई, आता वाती कोन घेईन आपल्या?" हसू ओसरल्यावर एकीनं विचारलं.

आता गुन्हेगार शोधणं आलं. माझा संशय थेट राळेगावच्या मेहुण्यावर गेला. दिनेशनं गेल्या दिवाळीत "भाऊजी, वेबसाइट कशी चालते?" असं विचारलं होतं. एरवी तो मला जेवलात का, हेसुद्धा विचारत नाही! मी फोन लावला.

"दिनेश, खरं सांग. तूच केलं ना?"

"काय?"

"हॅक!"

फोन कट झाला. दुपारच्या एसटीनं दिनेश स्वतः दारात हजर.

"भाऊजी, मले मोबाइलवर 'ळ' कुठी हाय ते सापडत नाही! राळेगावसुदिक मी 'रालेगाव' लिहितो! अन् तुमी मले हॅकर म्हनता?"

भावाला पाणी देता देता कुंदानं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी लिहू शकत नाही.

शेवटी चौधरी मॅडम आल्या. कुलूप काढलं, चादर काढली, वायर लावली. मॅडम शांतपणे माझे मेल पाहू लागल्या. दहा मिनिटांनी चष्मा वर करून म्हणाल्या, "काका, हे काय?"

मेल असा होता : 'तुमची वेबसाइट आज पाच वाजता कायमची बंद होणार. चालू ठेवण्यासाठी खाली पासवर्ड लिहा.' शेजारी पिवळ्या कुलपाचं चित्र.

"हो, ते कंपनीचं पत्र होतं," मी म्हणालो. "लगेच कळवलं मी."

"पासवर्ड कळवला?"

"पहिल्यांदा चुकीचा आहे म्हणाले. म्हणून जुने दोन पण कळवले."

सोनाबाई वात वळायच्या थांबल्या. मॅडमनी खाली सरकवून माझं उत्तर मोठ्यानं वाचलं : "आपण वेळीच सूचना दिल्याबद्दल शतशः आभारी आहे. आपला विश्वासू." खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा (सेवानिवृत्त) आणि मोबाइल नंबर!

दिनेश इतका हसला की पाणी नाकात गेलं.

मॅडमकडे वेबसाइटची आठवड्यापूर्वीची प्रत ठेवलेली होती, म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुलवाती जागेवर आल्या. नवा पासवर्ड झाला. शिवाय आत जाताना कुंदाच्या मोबाइलवर एक आकडा येणार, तो टाकल्याशिवाय दार उघडणार नाही. मोबाइल माझा ठेवायचा का, हे मला कोणी विचारलंसुद्धा नाही!

कुंदानं एकेका गिऱ्हाइकाला फोन करून खरं तेच सांगितलं : "आमच्या यायनं चोराले चावी देल्ली, वरून आभार मानले!" लोक हसले आणि हसता हसता वाती मागवल्या. कमलबाईंनी दुप्पट मागवल्या. फक्त एवढंच विचारलं, "शांताबाई म्हनते, थो पत्त्याचा खेळ पुन्हा कवा चालू होईन?"

याला दोन वर्षं झाली. हॅकर परत फिरकला नाही. परवा मी मॅडमना मोठ्या अभिमानानं म्हणालो, "पाहा, किती पक्का बंदोबस्त झाला!"

"होणारच," मॅडम म्हणाल्या. "हॅकर आणि तुम्ही, दोघांनाही एकाच दिवशी बाहेर काढलं ना!"