पंचफुलाबाईंचा हात सैल नव्हता

पंचफुलाबाई गेल्याचा निरोप त्यांच्या गावाहून कुरखेड्याच्या बाजाराला आलेल्या एका बाईने दिला, तोही पाच दिवसांनी. ताप अंगावर काढला म्हणे. घरच्यांनी दवाखान्यात चला म्हटलं, तर "रोवणा होऊ द्या" म्हणाल्या. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, झाली आणि त्या गेल्या. ऐकून रडू येण्याआधी मला रागच आला. या बाईने माझंही कधीच ऐकलं नाही...

ऐंशी सालानंतर आमच्या भागात गावोगाव बोरिंगा झाल्या, म्हणजे हातपंप, आणि लगेच बंदही पडू लागल्या. बायकांनाच दुरुस्ती शिकवायची असं वरून ठरलं, आणि पंचायत समितीचा मेकॅनिक म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. अर्जात सातवी पासची अट. पंचफुलाबाई चौथीत शाळा सोडलेल्या. मी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "पाना धरायले सातवी काऊन लागते जी?" मी त्यांचं नाव यादीत घेतलं.

पंधरा दिवस त्या 'काऊन'ने माझं डोकं उठवलं. वॉशर चामड्याचाच काऊन? साखळीले ग्रीस काऊन? एकदा चिडून म्हणालो, "बाई, सांगतो तेवढं करा."

"करून राह्यली जी. पण उद्या तुमी नसान, तवा कोणाले विचारू?"

शेवटच्या दिवशी परीक्षा घ्यायला साहेब आले. बोअरमधले पाइप वर काढायचे होते. पाना पंचफुलाबाईंच्या हातात, पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प आवळायचं काम माझं. मी तो नीट आवळला नाही. पाइप सटकला आणि खालच्या सगळ्या पाइपांसकट धाडधाड आत गेला. "कोणाच्या हातून?" साहेबांनी विचारलं. पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोरिंगकडे पाहत राहिलो. बाकी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. त्यांच्या नावापुढे मी माझ्या अक्षरात लिहिलं : हात सैल.

त्यांच्या गावासाठी मग एका पुरुषाची नेमणूक झाली. तो तिकडे फिरकलाच नाही. बायका नाल्याच्या वाळूत झिरा खोदून झिरपलेलं पाणी भरू लागल्या. दोन महिन्यांनी पंचफुलाबाई माझ्या टेबलासमोर. "वॉशर द्या."

"तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही."

"बोरिंग कुठी प्रमाणपत्र मागते जी?"

मी नियम सांगितला. कार्यालय बंद होईपर्यंत त्या व्हरांड्यात बसून राहिल्या. शेवटी दिला. पुढची कितीतरी वर्षं हेच; आजूबाजूच्या चार गावांच्या बोरिंगाही त्याच दुरुस्त करत. दर वेळी मी नियम सांगायचा, त्यांनी बसायचं, आणि मी द्यायचा. माझाच मला वैताग यायचा.

गेल्या उन्हाळ्यात एकदाचं तोंडातून निघालं. "बाई, तो क्लॅम्प माझ्याकडून सैल राहिला होता."

त्या वॉशर पदराच्या गाठीत बांधत होत्या. "मले माहीत हाये."

"मग साहेबांना तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी मेकॅनिक, मी चौथी. साहेबानं कोणाचं खरं मानलं असतं?" गाठ पक्की करून त्या उठल्या. "आता बोलले ना? मंग लिहूनही द्या."

लिहून दिलं. चूक माझी, प्रमाणपत्र यांना द्यावं. महिन्याने कागद परत आला, वर शेरा : सातवी पासचा दाखला जोडावा. मी पुन्हा लिहिलं. त्यावर अजून उत्तर नाही. आता आलं तरी प्रमाणपत्र कोणाला द्यायचं?

मागच्या आठवड्यात त्यांच्या गावी गेलो. बोरिंगवर त्यांची सून होती, आणि मागे पाण्याच्या गुंड-घागरी घेऊन थांबलेल्या बायका. सुनेने दांडा हळूच दोनदा दाबला, मग वाकून पंपाच्या लोखंडाला कान लावला आणि तशीच थांबली. "सासू अशीच आयकत होती," ती म्हणाली, "आत काय घासून राह्यलं ते समजते." अशी पद्धत मी कोणालाच शिकवलेली नव्हती. तरी सवयीने पुढे झालो, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. कान न काढता तिने हात वर केला, मला गप्प राहायला सांगितलं, आणि दांडा पुन्हा दाबला.