समोरची फौज

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चित्रकलेच्या सरांनी निवृत्तीनंतर एक फौज जमवली आहे. घरीच साच्यात ओतून रंगवलेली शिशाची, अंगठ्याएवढी माणसं. चार-पाचशे वर्षांपूर्वीचे युरोपातले भाडोत्री भालाईत. टेबलावर रणांगण मांडून सर लढाया खेळतात. त्यासाठी समोर शत्रू लागतो, आणि तो इतिहासातला खराच हवा, हा सरांचा हट्ट. सहा महिने ते त्याच्याच शोधात होते.

काल दुपारी वर गेलो, तर दुसरी फौज तयार होती. बघतो तर तेच चेहरे, त्याच दाढ्या. फक्त खांद्यावरचा पट्टा तांबड्याऐवजी पिवळा.

"सर, ही तर तीच माणसं!"

"तीच होती," सर म्हणाले. "एक भाऊ या राजाच्या पगारावर, दुसरा त्या राजाच्या. बऱ्याचदा यांच्यासमोर हेच उभे असायचे. मग साचा तरी दुसरा कशाला?"

शत्रू म्हटला की मी आजवर नाना रूपं मनात रंगवली असतील. त्याचं नाक आपल्यासारखंच असेल, हे कधी सुचलं नव्हतं.

गणपती रंगवणाऱ्यांसारखे सरही डोळे सगळ्यात शेवटी आखतात. ते काम सकाळीच उरकलं होतं. मी वाकून पाहिलं. दोन्हीकडचे भाले थेट समोर रोखलेले, पण एकाचीही नजर समोर नव्हती.

"सर, हे सगळे बाजूला का बघतायत?"

सरांनी ब्रश पाण्यात बुडवला.

"मी समोर बघणारेच आखतो रे," ते हळू म्हणाले. "रंग वाळला की असे होतात. आज तिसऱ्यांदा आखलेत."