पारशिवनीकडचं अर्धं नाटक

मित्रहो, आज लकडगंजच्या बाजारात मिरच्या घेत होतो. मागून आवाज आला, "भाऊ, तुमी ते अर्धं नाटकवाले ना?"

हसूच आलं. तरुणपणी आम्ही पारशिवनीकडच्या गावागावांत सतरंजी टाकून नाटक करायचो. नवरा बायकोला न विचारता शेत विकायला निघाला की नाटक थांबवायचं आणि समोरच्या बायांना म्हणायचं, "आता बायकोच्या जागी तुम्ही या, बोला!" नवरा मीच व्हायचो. एकदा एक बाई पदर खोचून उठली आणि तिनं मला असं झापलं, की मी संवादच विसरलो. टाळ्या पडल्या. आम्ही सतरंजी गुंडाळून पुढच्या गावाला निघालो.

आज वळून पाहिलं, तर तीच समोर होती. केस पांढरे, आवाज तोच.

"त्या दिवशी तुमाले बोलली, मंग घरी जाऊन खऱ्या नवऱ्याले बोलली."

"मग?"

"लय दिवस अबोला होता. पण वावर वाचलं. तुमी तर अर्ध्यातच निघून गेले ना भाऊ! बाकीचं नाटक मलेच करा लागलं."

आणि मी इतकी वर्षं त्या टाळ्याच आठवत बसलो होतो.

तुमच्यापैकी कोणी असं आमच्या नाटकात उठून आलं होतं का? घरी गेल्यावर पुढे काय झालं?