डावखुऱ्याचं छप्पर

त्सुनेयोच्या अंगणातून देवळाचं छप्पर दिसायचं, आणि सकाळचा चहा ती त्याच्याकडे तोंड करूनच प्यायची. जपानच्या तांबा भागातल्या डोंगरातलं ते देऊळ कामाकुराच्या काळातलं, सातेकशे वर्षांपूर्वीचं. खांब तेव्हाचेच, पण हिनोकी झाडाच्या सालींचं छप्पर फार तर एक पिढी टिकतं, मग उतरवून नवं घालतात. मागच्या खेपेला ते घालणाऱ्यांत तिचा नवरा गेन्साकु होता. त्याच हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला.

छपराचे खिळे बांबूचे. ते तासायचं आणि कुजू नयेत म्हणून कढईत भाजायचं काम त्सुनेयोचं. गेन्साकु मूठभर खिळे तोंडात भरायचा, जिभेने एकेक पुढे सरकवायचा आणि ठोकायचा. दिवसभर तोंड बंद, म्हणून घरी आला की बोलून बोलून तिचं डोकं उठवायचा. त्यातून तो डावखुरा. त्याचे खिळे उलट्या बाजूला कलायचे. सोबतचे चिडवायचे, "अरे, छप्पर घालतोयस की उसवतोयस?"

आता तेच छप्पर उतरवायला घेतलं होतं. कळल्यापासून त्सुनेयोचा सकाळचा चहा अंगणात तसाच गार व्हायचा. गावात त्याचं थडगं होतं, पण तिथे तो तिला कधी भेटलाच नाही. भेटायचा तो छपरावर. शेवटी ती मुकादम मुरोताकडे गेली.

"मला वर ने."

"आजी, गुडघे बघा की जरा! पडलात म्हणजे माझी नोकरी गेली."

"तुम्ही तोंडात भरता ते खिळे अजून मीच भाजते. उद्यापासून कच्चे देईन."

मुरोता हसला आणि तिचा हात धरून परांचीवर चढवू लागला.

उत्तरेकडच्या वरच्या साली निघाल्या होत्या. खालच्या काळ्या थरांवर खिळ्यांच्या ओळी, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. वळचणीजवळ मात्र उलट. त्सुनेयोने तिथे तळहात टेकला. त्याची फार आठवण आली. ती फळीवरच बसली.

"हवे तेवढे काढून घ्या, आजी," मुरोता हळूच म्हणाला.

"नकोत रे. सुटे झाले की कुणाचेही."

माणसं कामाला लागली. उपसलेल्या साली खाली पडू लागल्या.

"धूळ उडतेय. चला आता, उतरू या."

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी त्याला उतरू दे."