गुडघ्याकडे बघत पाहिलेली मॅच

घरातले सगळे बॉल बघत होते, मी एकटी गुडघा बघत होते. उजवा. त्यावर काळा पट्टा होता. पट्ट्याखालचा ऑपरेशनचा व्रण टीव्हीवर दिसत नव्हता, पण मला तो पाठ होता.

माझी मुलगी देशाच्या बास्केटबॉल संघातून परदेशात खेळत होती. पात्रता स्पर्धेतली शेवटची मॅच. जिंकली तर आशियातल्या तगड्या संघांबरोबर खेळायला मिळणार, हरली तर बॅगा भरून परत. हे मला ह्यांनी समजावलं. लेकीला पहाटे स्कूटरवरून छावणीतल्या मैदानावर सोडायचं काम वर्षानुवर्षं ह्यांचं. मी आपली शहागंजातल्या माझ्या दुकानात ब्लाउज शिवत बसलेली. त्यामुळे खेळातलं मला जे काही कळायचं ते ह्यांच्याकडून, आणि आमचा माणूस बोलण्यात भलता काटकसरी.

गेल्या वर्षी सरावात उडी मारून खाली येताना तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, वॉकर झाला, मग काठी. मी स्पष्ट सांगितलं, "लई झालं आता. बास कर." दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यात उभी राहून दातओठ खात पाय वर-खाली करत होती. मी अबोला धरला. ताट वाढण्यापुरतं बोलायचे. ती जेवायची आणि म्हणायची, "आई, भाजी मस्त झालीय." अशा पोरीशी भांडावं तरी कसं? मला राग यायचा आणि मनातून तिचं कौतुकही वाटायचं, पण दाखवलं असतं तर ती आणखी शेफारली असती.

तर त्या दुपारी दुकानाचं शटर ओढून मी घरी आले. वरच्या मजल्यावरच्या आपा भज्यांची परात घेऊन आधीच टीव्हीसमोर बसल्या होत्या. आपांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. कुठल्याही संघाची पोरगी पडली की त्यांच्या तोंडून "या अल्लाह" निघायचं. समोरच्या संघासाठीसुद्धा! मी डोळे वटारले की म्हणायच्या, "वो बी किसी की बच्चीच है ना भाभी."

शेवटच्या डावात कोचनं लेकीला बराच वेळ बाहेर बसवलं. "गुडघा दुखायलाय वाटतं," मी म्हणाले.

"गुडघ्याला काय नाय," हे म्हणाले. "चार फाऊल झालेत तिचे. पाचवा झाला की खेळ संपला. म्हणून राखून ठिवलंय."

अगदी शेवटी तिला आत घेतलं. आपण एका गुणानं पुढे होतो, पण बॉल त्यांच्याकडे होता. त्यांची एक धिप्पाड मुलगी बॉल आपटत थेट बास्केटकडे सुटली आणि माझी लेक तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. नुसती उभी. पाय रोवून, दोन्ही हात छातीशी घेऊन. म्हशीसारखी ती अंगावर येतेय आणि ही हलायला तयार नाही.

"अगं सरक की बाजूला!" मी टीव्हीवर ओरडले.

"सरकली तर फाऊल हिचा," हे पुटपुटले. "नाय सरकली तर त्यांचा."

धडक बसली. लेक पाठीवर आपटली आणि घसरत मागे गेली. शिट्टी वाजली. ती उताणी पडून राहिली.

उठेना.

"गुडघा गेला," मी म्हणाले. आपांनी माझा दंड धरला. "नक्को घबराओ भाभी, साँस तो लेने दो बच्ची कू." तेवढ्यात फोन वाजला. परवाच्या लग्नाच्या ब्लाउजसाठी गिऱ्हाईक. मी फोन कापला. हे मात्र लेकीकडे बघतच नव्हते, पंचाकडे बघत होते. पंचानं मूठ तळहातावर आपटली, तसे हे खुर्चीतून उठून किंचाळले, "फाऊल त्यांचा! बॉल आपला!"

"पोरगी तिथं निपचित पडलीय अन् तुम्हाला बॉलचं सुचतंय?" मी ह्यांना मारायचीच बाकी होते.

मग पडद्यावर चारही बाजूंनी आपल्या चार मुली धावत आल्या. दोघींनी हात धरले, दोघींनी पाठीला आधार दिला आणि तिला उभी केली. ती हसत होती! दोन्ही पायांवर टुणकन उडी मारून जागेवर गेली. मॅच आपण जिंकली. आपांनी अख्ख्या बिल्डिंगला भजी वाटली.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी आधी यथेच्छ झापलं. मग विचारलं, "अन् उठत का नव्हतीस? माझा जीव गेला इथं."

ती हसली. "अगं आई, आमच्यात आपलं आपण उठत नाय. पडलं की तसंच पडून राहायचं. बाकीच्या येतात अन् उचलतात."

"अन् कुणी आलंच नाय तर?"

"येतातच," ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा.

मी तिला लहानपणी उलटंच शिकवलं होतं. पडलीस की कुणी बघायच्या आत ऊठ. मलाही तेच शिकवलेलं. एकदा दुकानात स्टुलावरून पडले, मनगट सुजलं, तर हाताखालच्या मुली वळून बघायच्या आत मी मशीनवर बसलेली होते. दिवसभर तशीच शिवत राहिले आणि त्याची मला फार घमेंड होती. माझी लेक मात्र साऱ्या जगासमोर जमिनीवर आरामात पडून राहिली होती, आणि तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. आपा मागोमाग आल्या, तेव्हा अभिमानानं डोळे भरून आले असं सांगितलं. अभिमान होताच. पण खरं सांगायचं तर मला माझ्या लेकीचा हेवा वाटला होता.