पुतण्याची सही

हिराबाईंनी प्लॅस्टर स्वतःच काढलं होतं. आधी पाण्यात भिजवून, मग विळ्यानं. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात डोंगरातल्या आहुप्याहून आळेफाट्याच्या दवाखान्यात येऊन त्या माझ्यासमोर बसल्या, मोडलेला हात मांडीवर धरून. मी आधी भडकलोच. मग एक्स-रे काढला. मी घातलेल्या तारा वाकल्या होत्या, हाड सरकलं होतं.

मनगट मोडलं की ऑपरेशनच्या मुख्य पद्धती दोन. एकीत कातडीतून तारा घालून हाड धरून ठेवायचं आणि वरून पाच-सहा आठवडे प्लॅस्टर. दुसरीत चीर देऊन आत प्लेट-स्क्रू बसवायचे. मग हात लवकर हलवता येतो. वर्षभरानं दोन्हींचे हात बहुतेक सारखेच चालतात. फरक पडतो तो पहिल्या दोन महिन्यांत. बाईंचं वय सत्तरीचं, तारांचं ऑपरेशन छोटं, म्हणून मी तारा घातल्या. पुस्तकाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं.

पहिल्या वेळी सोबत पुतण्या होता. फॉर्मवर सही त्याची. हात कसा जपायचा हे मी त्यालाच समजावलं, चांगली पंधरा मिनिटं. तो मान डोलवत राहिला. आता तो कुठे आहे, म्हणून विचारलं.

"त्यो जीपवाला. आमच्याकडं जो आणतो त्योच सही करतो. दवाखान्यात पुतण्या म्हणावं लागतं."

घरी कोणीच नव्हतं. नवरा गेलेला, मुलगी लांब दिलेली.

"मावशी, मग प्लॅस्टर का कापलंत?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "एका हातानं कासोटा घालता येईना, डॉक्टर. अठरा दिस एकच लुगडं अंगावर व्हतं. शेजारणीला रोज कसं सांगायचं?"

मला माझ्या भडकण्याची लाज वाटली.

प्लेट बसवली. स्वतःचं लुगडं स्वतः नेसता येईपर्यंत त्यांना वॉर्डातच ठेवून घेतलं. तीन महिन्यांनी दाखवायला आल्या. मूठ घट्ट होती. मनगट पूर्वीइतकं वळत नाही, आता वळणारही नाही. कासोटा मात्र नीट बसलेला.

हल्ली एक्स-रे बघायच्या आधी मी विचारतो, घरी कोण आहे. कोणी पुतण्या म्हणालं, तर जीप कुठे लावलीय तेही विचारतो.

त्या दिवशी निघताना हिराबाईंनी मलाच विचारलं, "तुमच्या घरी कोण हाय?"

बायको जाऊन चार वर्षं झाली. म्हटलं, जेवणाचा डबा येतो.



"मंग तुमी पडू नका," म्हणाल्या.